कोपनहेगन, ऑगस्ट १९५२ : वाढलेलं बायकार्बोनेट आणि उलटं निदान

१९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कच्या राजधानीत पोलिओची मोठी साथ आली. कोपनहेगनमधले रुग्ण ब्लेगडाम या सांसर्गिक रोगांच्या रुग्णालयात यायचे. साथ भरात असताना दिवसाला पन्नासच्या आसपास रुग्ण दाखल होत होते. त्यातल्या ज्यांचे श्वासाचे स्नायू लुळे पडले किंवा गिळण्याची शक्ती गेली, त्यांच्यासाठी रुग्णालयात एक टँक रेस्पिरेटर, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेलं 'लोखंडी फुप्फुस', आणि छातीवर बसवायची सहा कवचयंत्रं एवढीच सामग्री होती. पहिल्या तीन आठवड्यांत असे ३१ रुग्ण या यंत्रांवर ठेवले गेले. २७ दगावले, त्यातले बरेचसे पहिल्या तीन दिवसांतच.

शेवटच्या तासांत या रुग्णांचं चित्र साधारण सारखंच दिसे. अंग तापलेलं, घामाने निथळणारं, रक्तदाब चढलेला, घशात स्राव साचलेला, मग गुंगी आणि बेशुद्धी. रुग्णालयाचे प्रमुख प्रा. लासेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे विषाणूने मेंदू पोखरल्याचं लक्षण मानलं. मेंदूच गेला तर श्वासाचं यंत्र काय करणार, असा तो तर्क होता. प्रयोगशाळेच्या अहवालात मात्र एक आकडा खटकत होता. रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड बऱ्याच वर गेलेला असे. त्या काळच्या वाचनाप्रमाणे याचा अर्थ बायकार्बोनेट, म्हणजे रक्तातलं आम्ल शमवणारं द्रव्य, वाढलंय, म्हणजेच अल्कलोसिस, रक्त अल्कधर्मी झालंय. कारण कुणालाच सांगता येत नव्हतं.

निदान बरोबर उलटं होतं. रक्त आम्लधर्मी झालं होतं, तेही जीव जाईल इतकं.

आकडा नेमका कशाचा?

त्या काळी रक्तातला कार्बन डायऑक्साइड व्हॅन स्लाइक यांच्या उपकरणाने मोजत. प्लाझ्मात आम्ल घालायचं, निर्वात पोकळी करून सुटलेला सगळा वायू बाहेर ओढायचा आणि त्याचा दाब वाचायचा. पद्धत अचूक होती. पण त्या वायूत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात : बायकार्बोनेटपासून सुटलेला कार्बन डायऑक्साइड आणि रक्तात नुसता विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. किराणा दुकानातून सामानाची यादी न देता फक्त शेवटची रक्कम लिहिलेलं बिल मिळावं, तसा हा आकडा होता.

निरोगी माणसात विरघळलेला भाग इतका किरकोळ असतो की त्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं. धमनीतल्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० मिमी (पाऱ्याचे) असतो. त्याला ०.०३ ने गुणलं की लिटरमागे १.२ मिलिमोल विरघळलेला वायू येतो. बायकार्बोनेट २४ असतं, म्हणजे त्याच्या वीस पट. पीएच, म्हणजे रक्त किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे हे सांगणारा आकडा (तो उतरला की आम्ल वाढलं), ठरतो तो या दोन आकड्यांच्या बेरजेवर नव्हे, गुणोत्तरावर :

पीएच = ६.१ + लॉग [बायकार्बोनेट ÷ (०.०३ × कार्बन डायऑक्साइडचा दाब)]

वीसचा लॉग १.३, म्हणून निरोगी पीएच ७.४. आता असे दोन रुग्ण घेऊ ज्यांच्या अहवालात एकूण कार्बन डायऑक्साइड सारखाच, ४० मिलिमोल आहे. (आकडे इथे समजावण्यापुरते घेतले आहेत, ब्लेगडामच्या नोंदींतले नाहीत.)

पहिला रुग्ण चार दिवस ओकतोय. जठरातलं आम्ल बाहेर गेल्यामुळे त्याचं बायकार्बोनेट ३८.५ वर चढलंय. फुप्फुसांनी श्वास थोडा आखडता घेऊन कार्बन डायऑक्साइडचा दाब ५० पर्यंत वाढू दिलाय. विरघळलेला भाग १.५, गुणोत्तर जवळपास २६, पीएच ७.५१. खरंखुरं अल्कलोसिस.

दुसऱ्याचे श्वासाचे स्नायू दोन-तीन दिवसांपासून ढिले पडत चाललेत. त्याच्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ११० आहे. विरघळलेला भाग ३.३, उरलेलं बायकार्बोनेट ३६.७, गुणोत्तर ११, पीएच ७.१५. हायड्रोजन आयनांच्या हिशेबात सांगायचं तर पहिल्याच्या रक्तात लिटरमागे सुमारे ३१ नॅनोमोल आणि दुसऱ्याच्या रक्तात ७१. दोघांचा कागद सारखा, आजार परस्परविरुद्ध, आणि एकाचा उपचार दुसऱ्याला दिला तर घातक.

कोपनहेगनच्या डॉक्टरांनी सगळ्यांना पहिल्या रुग्णाच्या रांगेत बसवलं. इथे नियतीने थोडी चेष्टाच केली म्हणायची. पीएच ही कल्पनाच सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली होती. वरचं समीकरण लॉगच्या रूपात लिहिणारे हॅसेलबाल्कही त्याच शहरातले. तरीही १९५२ मध्ये रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचत होता तो समीकरणाचा एक तुकडाच. पीएच मोजणं हे संशोधकांचं काम समजलं जाई, रोजच्या तपासण्यांत ते नव्हतं.

बायकार्बोनेट वाढलं कसं?

विश्रांती घेत असलेल्या प्रौढ माणसाचं शरीर मिनिटाला सुमारे २०० मिली, दिवसाला साधारण १३,००० मिलिमोल कार्बन डायऑक्साइड तयार करतं. पाण्यात मिसळला की तो कार्बोनिक आम्ल होतो. प्रथिनं पचताना बनणारी, मूत्रपिंडावाटेच बाहेर पडू शकणारी आम्लं त्यापुढे नगण्य आहेत : वजनाच्या किलोमागे १ मिलिमोल, म्हणजे दिवसाला साठ-सत्तर. आम्लाचा खरा डोंगर उपसतात ती फुप्फुसं. ती थांबली तर शरीराची बाकी सगळी बचावफळी मिळूनही त्यांची जागा घेऊ शकत नाही. पूर्ण लुळ्या पडलेल्या, श्वास न घेणाऱ्या माणसात कार्बन डायऑक्साइडचा दाब पहिल्या मिनिटाला सुमारे ६ मिमी आणि पुढे दर मिनिटाला ३ ते ४ मिमीने वाढत जातो.

पोलिओत श्वास एका झटक्यात बंद पडत नाही, हळूहळू उथळ होत जातो. इथे पाहणारा हमखास फसतो. निरोगी माणूस ५०० मिलीचा श्वास मिनिटाला १२ वेळा घेतो. त्यातले १५० मिली घसा आणि श्वासनलिकेतच अडकतात, वायुकोशांपर्यंत पोचतच नाहीत. उरलेल्या ३५० ला १२ ने गुणलं की मिनिटाला ४.२ लिटर उपयोगी हवा मिळते आणि त्यावर कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० राहतो. स्नायू थकलेला रुग्ण २५० मिलीचे २४ श्वास घेतो. एकूण हवा तेवढीच, ६ लिटर. उलट श्वास जलद चाललेला दिसतो, म्हणून बघणाऱ्याला 'जोर लावतोय' असं वाटतं. पण उपयोगी हवा फक्त २.४ लिटर, आणि दाब चढतो ७० वर. त्यात ताप असेल तर दर अंशाला शरीराचा जाळ दहा टक्क्यांहून जास्त वाढतो. म्हणजे ४० अंश तापात कार्बन डायऑक्साइड तिसऱ्या हिश्श्याने जास्त तयार होतो, आणि तो बाहेर काढणारे स्नायू मात्र आधीच गळालेले.

या चढलेल्या कार्बन डायऑक्साइडला सर्वांत आधी तोंड देतं ते हिमोग्लोबिन. बायकार्बोनेट इथे निरुपयोगी असतं, कारण कार्बोनिक आम्ल थोपवायला त्याच आम्लाचा अल्क-जोडीदार चालत नाही. वायू तांबड्या पेशीत शिरतो, कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज विकर त्याचं क्षणात आम्ल बनवतं, त्यातला हायड्रोजन आयन हिमोग्लोबिन धरून ठेवतं आणि उरलेलं बायकार्बोनेट क्लोराइडच्या बदल्यात पेशीबाहेर प्लाझ्मात येतं. हे सगळं काही मिनिटांत घडतं. पण यातून मिळतं फार थोडं : दाब १० मिमीने वाढला तर बायकार्बोनेट फक्त १ मिलिमोलने वाढतं. कार्बन डायऑक्साइड एकदम ११० वर गेला, तर या घडीला बायकार्बोनेट जेमतेम ३१ आणि पीएच ७.१ च्या खाली.

मग मूत्रपिंडांची पाळी येते, पण त्यांचं काम संथ असतं. एरवी ती दिवसाला गाळलेलं ४,३०० मिलिमोलच्या आसपासचं बायकार्बोनेट जवळपास पूर्ण परत घेतात, त्यातला मोठा वाटा नलिकेच्या पहिल्याच वळणदार भागात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की नलिकेच्या पेशींतला पीएचही उतरतो आणि त्या दुप्पट जोमाने हायड्रोजन आयन मूत्रात ढकलू लागतात. सोबत ग्लुटामिनपासून अमोनियम बनवून मूत्रात सोडतात आणि त्याच्या बदल्यात नवं कोरं बायकार्बोनेट रक्तात भरतात. अमोनियमबरोबर क्लोराइडही बाहेर जातं, म्हणून रक्तातलं क्लोराइड घटतं. ही यंत्रणा पूर्ण वेग घ्यायला तीन ते पाच दिवस लागतात. तेव्हा कुठे दर १० मिमीला बायकार्बोनेट ३.५ ते ४ मिलिमोलने वर येतं.

ब्लेगडामच्या रुग्णांचे श्वास बहुधा काही दिवसांत हळूहळू ढासळत गेले होते, म्हणून त्यांचं बायकार्बोनेट या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी यायचं : हिमोग्लोबिनची मदत संपलेली, मूत्रपिंडांची निम्मीच पोचलेली. डॉक्टरांच्या हातातल्या कागदावर जे 'अल्कलोसिस' दिसत होतं ते प्रत्यक्षात मूत्रपिंडांनी आम्लाला दिलेलं उत्तर होतं. वाढलेलं बायकार्बोनेट आणि उतरलेलं क्लोराइड, ही जोडी ओकणाऱ्या रुग्णात दिसते तशीच इथेही दिसते. पीएच मोजल्याशिवाय कागदावरून हा फरक कळायला मार्ग नव्हता.

ऑक्सिजनची फसवी मदत

आणखी एक गोष्ट चित्र बिघडवत होती. श्वास अपुरा पडला की रुग्ण निळा पडतो, आणि ऑक्सिजन दिला की पुन्हा गुलाबी होतो. गुलाबी झाला की निभावलं, असं वाटतं. वायुकोशांतल्या ऑक्सिजनचा हिशेब केला तर हा सापळा स्पष्ट दिसतो. साध्या हवेवर वायुकोशांत ऑक्सिजनचा दाब असतो सुमारे १५० वजा कार्बन डायऑक्साइडच्या दाबाची सव्वा पट. कार्बन डायऑक्साइड ८० झाला तर ऑक्सिजन उरतो ५० आणि रुग्ण निळा दिसतो. ११० झाला तर उरतात जेमतेम १२, म्हणजे साध्या हवेवर माणूस तिथवर पोचण्याआधीच ऑक्सिजनअभावी मरतो. तेच ५० टक्के ऑक्सिजन चालू असेल तर १५० च्या जागी ३५६ येतात आणि कार्बन डायऑक्साइड ११० असूनही ऑक्सिजन २१८ उरतो. नख-ओठ लालसर, रंग उत्तम, आणि पीएच ७.१५. ऑक्सिजन देणं चूक नव्हतंच. पण तो हवा आत-बाहेर हलवत नाही, फक्त धोक्याची घंटा बंद करतो.

२५ आणि २७ ऑगस्ट

मोगेन्स ब्यॉर्नेबो या डॉक्टरच्या आग्रहावरून लासेन यांनी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला सल्ल्यासाठी बोलावलं. त्या काळी भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रियागृहाबाहेर पाऊल टाकायचं, तेही सांसर्गिक रोगांच्या वॉर्डात, ही गोष्टच अनोखी होती. इब्सेन बॉस्टनला शिकून आले होते. स्नायू शिथिल करणारं औषध देऊन रबरी पिशवीने श्वास चालू ठेवणं हा त्यांचा रोजचा व्यवहार होता. भूल देताना श्वास नीट चालवला नाही तर रुग्ण कसा दिसतो, हे त्यांनी टेबलावर पाहिलेलं होतं : घाम, चढलेला रक्तदाब, उष्ण ओलसर कातडी.

२५ ऑगस्टच्या बैठकीत त्यांनी मरण पावलेल्या रुग्णांची माहिती आणि शवविच्छेदनातली फुप्फुसं पाहिली. फुप्फुसं जीव जावा इतकी खराब नव्हती. याचा अर्थ हवा नीट आत-बाहेर झाली असती तर ती काम करू शकली असती. अहवालातलं वाढलेलं बायकार्बोनेट आणि वॉर्डातली लक्षणं यांचा मेळ त्यांनी एका वाक्यात बसवला : हे अल्कलोसिस नाही, कार्बन डायऑक्साइड साठलाय. मेंदू विषाणूने नव्हे, वायुवीजनाच्या अभावाने गुंगतोय. हे खरं असेल तर फुप्फुसांत हवा दाबून घातल्यावर काही मिनिटांतच फरक दिसायला हवा.

हे पडताळायची संधी २७ ऑगस्टला मिळाली. बारा वर्षांची मुलगी, चारही हातपाय लुळे, डावं फुप्फुस आखडलेलं, ताप ४०.२ अंश, स्वतःच्याच स्रावात गुदमरणारी, निळी पडलेली. जागेवर बधिर करून गळ्याला छेद दिला, ट्रॅकिऑस्टॉमी केली आणि फुगा असलेली रबरी नळी श्वासनलिकेत बसवली. फुग्याचं इथे दुहेरी काम असतं : वरून गळणारी लाळ फुप्फुसांत उतरत नाही आणि दाबून घातलेली हवा तोंडावाटे निसटत नाही. गळ्यातूनच हवा जाऊ लागल्याने वाया जाणाऱ्या त्या १५० मिलीतलाही बराच भाग वाचतो. नळीला भूलयंत्राची पिशवी आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडा लाइमचा डबा जोडला.

पण पिशवी दाबली तर हवा आत जाईना. मुलगी घाबरून झगडत होती, श्वासनलिका आवळलेल्या होत्या, स्राव अडत होता. दोन्हीकडून जोर लागला की हवा कुठेच जात नाही. इथे इब्सेन यांनी भूलतज्ज्ञाचा निर्णय घेतला. १०० मिग्रॅ थायोपेंटोन हे भुलीचं औषध शिरेतून दिलं. मुलीचा स्वतःचा श्वास थांबला. पाहायला जमलेल्यांतले काही जण, आता संपलं असं समजून, तिथून निघूनही गेले. झगडा थांबताच पिशवीतली हवा सहज आत जाऊ लागली. छाती उचलली जाऊ लागली, रंग सुधारला, घाम आटला आणि कातडी कोरडी झाली.

मग रक्तदाब पडला. हे गुंतागुंत म्हणून नव्हे, अपेक्षित म्हणूनच वाचायला हवं. वाढलेला कार्बन डायऑक्साइड सिंपथेटिक मज्जासंस्थेला चाबूक मारून रक्तदाब चढवून ठेवतो. तो उतरला की चाबूक थांबतो. त्यात पिशवीने छातीतला दाब वाढलेला, त्यामुळे शिरांतलं रक्त हृदयाकडे कमी परततं. घाम आणि तापाने शरीर आधीच कोरडं पडलेलं असतं. तेव्हा आधी रक्त किंवा द्रव देऊन रक्तवाहिन्या भरायच्या आणि मग पुढचं. तिला रक्त दिलं गेलं आणि रक्तदाब सावरला.

पुढचा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सुधारणा केवळ योगायोग नाही हे दाखवायला मुलीला पुन्हा कवचयंत्रावर घातलं गेलं. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं उपकरण आणि रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं कानाचं ऑक्सिमीटर लावलेलं होतं. कार्बन डायऑक्साइड पुन्हा चढला, घाम आणि रक्तदाब परत आले. पिशवीवर घेतलं, सगळं पुन्हा ओसरलं. एकाच रुग्णात कारण घातलं, काढलं, पुन्हा घातलं आणि परिणाम दरवेळी त्याच्या मागोमाग आला. याहून स्पष्ट पुरावा मिळणं कठीण.

प्रयोगशाळाप्रमुख पाउल आस्ट्रुप यांनी पीएच मोजण्याची सोय करून घेतली, आणि कागदावरच्या 'अल्कलोसिस'च्या शेजारी आता उतरलेला पीएच लिहिला गेला. वाद तिथेच मिटला.

जिथे पुढची चूक होते

कार्बन डायऑक्साइड साठलाय हे कळल्यावर सहज होणारी चूक म्हणजे तो घाईने पूर्ण उतरवणं. मघाच्या दुसऱ्या रुग्णाचं उदाहरण घेऊ. बायकार्बोनेट ३६.७ आणि दाब ११०. जोरजोराने पिशवी दाबून अर्ध्या तासात दाब ४० वर आणला तर फुप्फुसांचं काम झालं, पण मूत्रपिंडांनी दोन दिवस खपून जमवलेलं बायकार्बोनेट तसंच राहतं. ३६.७ भागिले १.२ म्हणजे ३०.६, पीएच ७.५९. पहिल्यांदाच रुग्णाला खरोखर अल्कलोसिस झालं, आणि ते आपल्या हातून. पोटॅशियम पेशींत शिरतं, रक्तातला मुक्त कॅल्शियम घटतो, हृदयाची लय बिघडू शकते, झटके येऊ शकतात. म्हणून दाब टप्प्याटप्प्याने उतरवायचा आणि नजर ठेवायची ती पीएचवर. ७.३५ ते ७.४० आला की थांबायचं, मग दाब ६० असला तरी. बायकार्बोनेट मूत्रावाटे जायला वेळ लागतो, आणि मूत्रपिंडाला ते सोडून द्यायचं तर क्लोराइड आणि पोटॅशियम मिळायला हवं. मिठाचं पाणी कमी पडलं तर बायकार्बोनेट दिवसचे दिवस अडून राहतं.

दुसरी चूक सोडियम बायकार्बोनेटची. पीएच ७.१५ दिसला की सोडाबायकार्ब द्यायला हात शिवशिवतो. पण दिलेलं बायकार्बोनेट हायड्रोजन आयनाशी जुळून शेवटी कार्बन डायऑक्साइडच बनतं. जो वायू बाहेर टाकता येत नाही म्हणून हे सगळं घडलंय, त्याचीच भर. श्वास चालवणं हाच इथे उपचार. अल्कलोसिस समजून आम्ल चढवणं किंवा मूत्रातून बायकार्बोनेट घालवणारी गोळी देणं तर थेट उलट्या दिशेला नेतं. शरीराने उभा केलेला एकमेव टेकू आपण काढून घेतो.

पिशवी दाबणारे हात

निदान सुधारलं, पण यंत्रं नव्हती. मग वैद्यकीय विद्यार्थ्यांना पाळ्या लावून बसवलं. खाटेशेजारी बसायचं, नळीतून हलकेच पिशवी दाबायची, सोडायची, स्राव ओढायचा, छातीकडे आणि चेहऱ्याकडे बघत राहायचं. साथीच्या काळात सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी मिळून १,६५,००० तासांच्या आसपास हे काम केलं. एका वेळी सत्तर रुग्ण हातांच्या श्वासावर होते. श्वासाच्या रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण ८७ टक्क्यांवरून काही महिन्यांत पाव हिश्श्यावर आलं. ती मुलगी वाचली आणि पुढे जवळपास दोन दशकं जगली.

या हातांना मोजमापाची गरज होती. थोडं कमी दाबलं तर आम्ल साठतं, जास्त दाबलं तर अल्कलोसिस, आणि विद्यार्थ्याच्या मनगटाला पीएच कळत नाही. आस्ट्रुप यांनी याच अडचणीतून पुढे नवी पद्धत बसवली. रुग्णाच्या रक्ताचा पीएच मोजायचा, मग त्याच रक्ताला कार्बन डायऑक्साइडचा माहीत असलेला दाब असलेल्या दोन वायूंशी समतोल साधू द्यायचा आणि दोन्ही वेळा पुन्हा पीएच मोजायचा. दाबाचा लॉग आणि पीएच यांच्या आलेखावर हे दोन बिंदू जोडले की जवळपास सरळ रेष मिळते. मूळ पीएच त्या रेषेवर जिथे येतो तिथे रुग्णाचा कार्बन डायऑक्साइडचा दाब वाचायचा. पुढे सिगार्ड-अँडरसन यांच्यासोबत 'बेस एक्सेस' (रक्तातल्या अल्काची वाढ-घट सांगणारी) ही संख्याही याच कामातून आली. ती आजही प्रत्येक एबीजीच्या, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या वायू-तपासणीच्या, कागदावर छापून येते. १९५३ अखेर इब्सेन यांनी कोपनहेगनच्याच दुसऱ्या रुग्णालयात अत्यवस्थ रुग्णांचा स्वतंत्र कक्ष सुरू केला. आजच्या आयसीयूची सुरुवात बहुतेक जण तिथूनच धरतात.

आजच्या कागदावर तोच सापळा

एबीजी यंत्र आलं म्हणून ही चूक इतिहासजमा झाली असं समजू नये. सोडियम-पोटॅशियमच्या नेहमीच्या पॅनेलमध्ये 'टीसीओटू' (एकूण कार्बन डायऑक्साइड) किंवा बायकार्बोनेटचा रकाना आजही असतो, आणि तो व्हॅन स्लाइकच्या आकड्याचाच वंशज आहे. आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या, दम लागणाऱ्या आजींच्या रिपोर्टमध्ये तिथे ३५ दिसतं. पायावर सूज म्हणून फ्युरोसेमाइड चालूच असतं. त्यामुळे 'लघवीच्या गोळीने अल्कलोसिस झालं' हे उत्तर लगेच सुचतं, आणि कधीकधी खरंही असतं. पण वर्षानुवर्षं साठत गेलेला कार्बन डायऑक्साइडही तेच ३५ देतो, आणि पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात. त्यांच्या नाकाला मिनिटाला चार लिटर ऑक्सिजन लावून सॅच्युरेशन ९८ वर नेलं आणि सकाळी आजी उठेनात, तर ती झोप नव्हे, साठलेल्या कार्बन डायऑक्साइडची गुंगी. अशा रुग्णात ८८ ते ९२ सॅच्युरेशन पुरेसं असतं.

महाराष्ट्रात ब्लेगडामशी अगदी हुबेहूब जुळणारा रुग्ण पाहायचा असेल तर तो पावसाळ्यात ग्रामीण रुग्णालयात भेटतो : मण्यार चावलेला. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री दंश होतो, वेदना नाहीत, सूज नाही, पहाटे पापण्या मिटायला लागतात, आवाज बसतो, मान धरता येत नाही. फुप्फुसं निरोगी, स्नायू लुळे. ऑक्सिजन लावला की बोटावरचं यंत्र ९८ दाखवतं आणि कार्बन डायऑक्साइड मुकाट्याने चढत राहतो. मण्यारीचं विष मज्जातंतूंची टोकंच निकामी करतं, म्हणून प्रतिविष देऊनही लगेच ताकद परत येत नाही, दिवसचे दिवस श्वास चालवावा लागतो. तिथे एबीजी नसलं तरी रुग्णाला एका दमात मोठ्याने आकडे मोजायला लावता येतं. मोजणी वीसच्या आत अडखळू लागली, उशीवरून डोकं उचलता येईना किंवा घशात लाळ साचू लागली की सॅच्युरेशन कितीही चांगलं असो, नळी घालायची तयारी करायची. व्हेंटिलेटर दूर असेल तर अँब्यू बॅग (हाताने दाबायची श्वासपिशवी) दाबत न्यायचं : मिनिटाला १२ ते १५ वेळा, छाती उचललेली दिसेल इतपतच, आणि प्रत्येक दाबानंतर हवा पूर्ण बाहेर येऊ द्यायची.

धमनीतून रक्त काढणं जमत नसेल तर शिरेतल्या रक्ताचा गॅसही बऱ्याच अंशी उपयोगी पडतो. त्यात पीएच धमनीपेक्षा साधारण ०.०३ ने कमी आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब ४ ते ६ मिमीने जास्त येतो. रक्ताभिसरण खालावलेलं असेल तर ही तफावत वाढते. शिरेतला दाब ४५ च्या आत असेल तर कार्बन डायऑक्साइड लक्षणीय साठलेला नाही असं धरता येतं. त्याहून वर असेल, तर मात्र धमनीचाच नमुना घ्यावा.